थंडीचा थकवा की थायरॉईड? कधी, कुठे आणि कसं तपासून घ्यायचं

 

आजचा विषय आहे थायरॉईड. हा शब्द आपल्याकडे इतका घरचा झालाय, की "तिला बीपी आहे" म्हणावं तसं आपण "तिला थायरॉईड आहे" म्हणून टाकतो. खरं म्हणजे थायरॉईड सगळ्यांनाच असतो! तो आजार नाही, आपल्या गळ्यातली एक ग्रंथी आहे. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. ती कमी काम करायला लागली किंवा जास्त काम करायला लागली, की त्रास सुरू होतो. म्हणून कुणी "मला थायरॉईड आहे" म्हणालं, तर पहिला प्रश्न विचारायचा, "कमी आहे की जास्त?" कारण दोन्हीची लक्षणं वेगळी आणि औषधं तर अगदी उलटी.

हा विषय मिनेसोटात राहणाऱ्यांसाठी मुद्दाम घ्यायचं एक कारण आहे. नोव्हेंबर ते मार्च आपल्या इथे सगळेच दमलेले असतात. अंधार लवकर पडतो, त्वचा कोरडी पडते, हातपाय गार असतात, वजन दोन-चार पौंडांनी वाढतं, मूड उतरतो. आणि थायरॉईड कमी पडला की काय होतं? थकवा येतो, थंडी सहन होत नाही, त्वचा कोरडी होते, वजन वाढतं, मन उदास होतं. यादी जवळजवळ तीच! त्यामुळे "हिवाळा आहे, चालायचंच" म्हणून लोक महिनोन्‌महिने काढतात. भारतातून नवीन आलेल्यांना तर हे हमखास वाटतं, कारण त्यांना इथली थंडी म्हणजे काय हेच माहीत नसतं. तुलना करायला मागचा हिवाळाच नसतो.

मग फरक ओळखायचा कसा? आज तेच बघू. आणि तपासणीसाठी इथल्या डॉक्टरांकडे काय म्हणायचं, रिपोर्टमधले आकडे कसे वाचायचे, गोळी कशी घ्यायची आणि भारतातून येणाऱ्या आईबाबांसाठी काय तयारी करायची, हेही बघू.

(धून)

आधी ही ग्रंथी काय करते ते दोन मिनिटांत. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या जरा खाली, पंख पसरून बसलेल्या फुलपाखरासारखी ती असते. ती मुख्यतः दोन हार्मोन बनवते, टी-४ आणि टी-३. शरीराने ऊर्जा किती वेगाने वापरायची, हे ही हार्मोन्स ठरवतात. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, शरीराची ऊब, केस, त्वचा, पाळी, मन, सगळीकडे त्यांचा हात असतो. म्हणूनच याची लक्षणं एका जागी सापडत नाहीत, अंगभर विखुरलेली असतात.

या ग्रंथीवर लक्ष ठेवणारी दुसरी ग्रंथी मेंदूच्या तळाशी असते, पियुषिका, म्हणजे पिट्युटरी. ती टीएसएच नावाचा निरोप पाठवते. थायरॉईड कमी काम करत असेल, तर पिट्युटरी जोरात हाका मारते आणि टीएसएच वाढतो. थायरॉईड जास्त काम करत असेल, तर ती गप्प बसते आणि टीएसएच कमी होतो. एवढं लक्षात ठेवा: टीएसएच वर, म्हणजे थायरॉईड खाली. टीएसएच खाली, म्हणजे थायरॉईड वर. रिपोर्ट हातात आला की सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

आता एक गंमत सांगते. थायरॉईडच्या इतिहासात आपल्या मिनेसोटाचं नाव मोठं आहे. इथून दीड तासावर रॉचेस्टरला मेयो क्लिनिक आहे. तिथे एडवर्ड केंडल यांनी १९१४ साली, ऐन नाताळच्या दिवशी, थायरॉईडचं हार्मोन पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. तेच थायरॉक्सिन, म्हणजे टी-४. आज पुण्या-मुंबईत काय आणि इथे काय, लोक रोज सकाळी जी गोळी घेतात ती त्याच हार्मोनची, फक्त कारखान्यात बनवलेली.

आणि हे संशोधन या भागात व्हायला कारणही होतं. हिमयुगातल्या बर्फाने या पट्ट्यातल्या मातीतलं आयोडीन धुऊन नेलं होतं. थायरॉईडला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं. ते मिळालं नाही की ग्रंथी फुगते. त्यालाच आपण गलगंड म्हणतो. ग्रेट लेक्सच्या आसपासच्या राज्यांत गलगंड इतका होता, की या प्रदेशाला गलगंडाचा पट्टा म्हणत. १९२४ साली मिशिगनमध्ये आयोडीन घातलेलं मीठ विकायला सुरुवात झाली आणि तिथून ते देशभर गेलं. आपल्याकडे भारतात सरकारने १९६२ मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला.

मिठाकडे आपण शेवटी पुन्हा येऊ, कारण आपल्या स्वयंपाकघरांत त्यात एक मेख आहे. आज मात्र थायरॉईड कमी पडण्याचं सगळ्यात मोठं कारण, अमेरिकेत तरी, आयोडीन नाही. ते आहे हाशिमोटो. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं. यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच थायरॉईडला परकं समजून हळूहळू पोखरते. तुम्ही काही खाल्लं म्हणून किंवा काही चुकलं म्हणून हे होत नाही. घराण्यात असेल तर शक्यता वाढते, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी जास्त दिसतं.

आपल्या लोकांत किती दिसतं? भारतातल्या आठ शहरांत, ज्यात मुंबई आणि गोवाही होते, पाच हजारांहून जास्त प्रौढांची तपासणी झाली होती. २०१३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जवळजवळ ११ टक्के लोकांना थायरॉईड कमी असल्याचं आढळलं. त्यातल्या सुमारे एकतृतीयांश लोकांना ते तोवर माहीतच नव्हतं. म्हणजे दहा-बारा जणांच्या भिशीत किंवा ढोल पथकात एखादी तरी व्यक्ती असणार, असं धरायला हरकत नाही.

(धून)

आता लक्षणं. आधी थायरॉईड कमी असेल तर.

थकवा येतो, पण कसा? आठ तास झोपूनही सकाळी अंग उचलत नाही. दुपारी मीटिंगमध्ये डोळे मिटतात. थंडी वाजते, पण घरातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त. सगळे साध्या टीशर्टमध्ये बसलेत आणि तुम्ही थर्मोस्टॅट चढवताय. बद्धकोष्ठता होते. केस विरळ होतात, भुवयांचे बाहेरचे टोक पातळ होतात. आवाज जड होतो. सकाळी चेहरा, डोळ्यांखालचा भाग सुजल्यासारखा वाटतो. बोलताना शब्द आठवत नाहीत, कामात चुका होतात. पाळी जास्त जाते किंवा अनियमित होते. नाडी मंद होते. रक्ताच्या तपासणीत कोलेस्टेरॉल अचानक वाढलेलं दिसतं. हे शेवटचं नीट ऐका, कारण कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करण्याआधी टीएसएच बघून घेणं फार शहाणपणाचं असतं. मूळ कारण थायरॉईड असेल, तर त्यावर उपचार केल्यावर कोलेस्टेरॉल बऱ्याचदा आपणहून खाली येतं.

वजनाबद्दल मात्र स्पष्ट बोलू. थायरॉईड कमी असल्यामुळे वाढणारं वजन बहुतेक वेळा पाच ते दहा पौंडांच्या आसपास असतं, आणि त्यातही मीठ आणि पाणी साठल्याचा वाटा मोठा. तीस-चाळीस पौंड वाढले असतील, तर सगळा दोष थायरॉईडला देऊन चालणार नाही.

थायरॉईड जास्त असेल तर चित्र उलटं. भूक चांगली असूनही वजन उतरतं. छातीत धडधडतं. हात थरथरतात, चहाचा कप धरताना कळतं. बाहेर उणे तापमान असताना याला मात्र उकडतं, जॅकेट नको वाटतं. झोप लागत नाही, चिडचिड होते, शौचाला वरचेवर जावं लागतं. ग्रेव्ह्ज नावाच्या आजारात डोळे पुढे आल्यासारखे दिसतात, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. आपल्याकडे अशा माणसाला "टेन्शन घेतोस फार" म्हणायची पद्धत आहे. टेन्शन असेलही, पण सुटीतसुद्धा, झोपेतसुद्धा नाडी शंभराच्या पुढे असेल, तर तपासायलाच हवं.

आजी-आजोबांमध्ये मात्र ही लक्षणं अशी पुस्तकासारखी दिसत नाहीत. थायरॉईड कमी झाला तर विसराळूपणा, गप्प गप्प राहणं. जास्त झाला तर नुसतीच अशक्ती आणि हृदयाचे ठोके अनियमित. आपण म्हणतो, "वय झालं". असेलही, पण एक रक्ततपासणी करून मग म्हणूया.

मुलांकडेही लक्ष ठेवा. मुलाची उंची वाढायची थांबली, दोन वर्षं तीच पँट पुरतेय, शाळेत मन लागत नाही, मुलीची पाळी लांबतेय, तर मुलांच्या डॉक्टरांना विचारा. त्यांच्याकडे उंची-वजनाचा तक्ता असतो, त्यातली रेघ कुठे वळली ते लगेच दिसतं.

मग हिवाळा की थायरॉईड, हे कसं ठरवायचं? खरं सांगायचं तर नुसत्या लक्षणांवरून ठरवता येत नाही. पण तीन गोष्टी बघा. एक, वरच्या यादीतली तीन-चार लक्षणं एकत्र आहेत का? दोन, मे-जूनमध्ये ऊन आल्यावरही ती टिकून आहेत का? तीन, आई, मावशी, आत्या, बहीण यांच्यापैकी कुणाला थायरॉईड आहे का? याशिवाय तुम्हाला स्वतःला टाइप वन मधुमेह, सिलिॲक किंवा कोड असेल, तर शक्यता आणखी वाढते. यातलं काही जुळत असेल, तर मे महिन्याची वाट बघू नका. तपासणी साधी आहे.

(धून)

आता इथे आणि भारतात एक मोठा फरक आहे. तिकडे आपल्याला पॅकेजची सवय असते. सकाळी उपाशीपोटी माणूस घरी येतो, रक्त घेतो, संध्याकाळी साखर, कोलेस्टेरॉल आणि थायरॉईड प्रोफाइल सगळं फोनवर हजर. नवी मुंबईतल्या थायरोकेअरसारख्या लॅबचं तर नावच थायरॉईडवरून आहे. त्यामुळे इथे वार्षिक तपासणीला गेलो आणि थायरॉईड केलाच नाही, की वाटतं डॉक्टरांनी टाळलं.

पण तसं नसतं. काही लक्षण नसलेल्या प्रौढांची सरसकट थायरॉईड तपासणी करण्याचा फायदा आहे की नाही, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही, असं इथल्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१५ मध्ये म्हटलं. म्हणून इथले बरेच डॉक्टर आपणहून ती लिहीत नाहीत. लक्षणं असतील तर मात्र लगेच लिहून देतात. मुद्दा हा, की लक्षणं तुम्ही सांगितली पाहिजेत.

आणि इथेच आपली मंडळी कमी पडतात. डॉक्टर विचारतात, "कसं काय?" आपण म्हणतो, "फाइन, फाइन." पंधरा मिनिटांची भेट संपते! त्यापेक्षा जाण्याआधी फोनवर चार ओळी लिहून ठेवा: काय होतंय, कधीपासून, घरात कुणाला आहे, कुठली औषधं आणि व्हिटॅमिन घेता. मग सरळ सांगा, "मला सहा महिने असा असा थकवा आहे, थंडी सहन होत नाही, आईला हाशिमोटो आहे. माझा टीएसएच बघता येईल का?" एवढं पुरतं. मायचार्टसारख्या ॲपवरून निरोप पाठवूनही विचारता येतं. यासाठी आधी एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञांकडे जायची गरज नाही. त्यांची वेळ मिळायला महिने लागू शकतात. टीएसएच तुमचे नेहमीचे डॉक्टर लिहून देऊ शकतात, आणि साधा कमी थायरॉईड बहुतेक वेळा तेच सांभाळतात.

पैशांचं आधीच विचारून घ्या. वार्षिक तपासणी विम्यात फुकट असली, तरी टीएसएच त्या फुकटच्या यादीत धरला जाईलच असं नाही. डिडक्टिबल मोठा असेल तर बिल येऊ शकतं. विमा कंपनीला फोन करा. एचएसए खातं असेल तर त्यातून देता येतं.

तपासणीला उपाशी राहावं लागतं का? नुसत्या थायरॉईडसाठी नाही. मात्र एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. केसांसाठी, नखांसाठी म्हणून कॉस्टको किंवा टार्गेटमध्ये ज्या गोळ्या मिळतात, त्यांत बायोटिन भरपूर असतं. ते शरीराला काही करत नाही, पण बऱ्याच लॅबच्या तपासणीच्या पद्धतीत लुडबुड करतं. टीएसएच खोटाच कमी दिसतो, टी-४ खोटाच जास्त. म्हणजे थायरॉईड कमी असलेल्या बाईचा रिपोर्ट "जास्त" असल्यासारखा येऊ शकतो! आणि गंमत अशी, की केस गळतात म्हणून आपण बायोटिन घेतो आणि केस गळतात म्हणूनच थायरॉईड तपासतो. तेव्हा तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवा. डोस मोठा असेल तर किती दिवस, हे डॉक्टरांना विचारा.

आता रिपोर्ट. टीएसएचचा नेहमीचा पट्टा साधारण ०.४ ते ४ असतो, लॅबनुसार थोडाफार बदलतो. भारतातल्या आणि इथल्या रिपोर्टवर टीएसएचचं एकक वेगळं लिहिलेलं दिसतं, पण आकडा तोच असतो. तिकडचा ५ म्हणजे इकडचाही ५. जुने रिपोर्ट सरळ शेजारी ठेवून बघू शकता.

टीएसएच वाढलेला आणि फ्री टी-४ कमी, तर थायरॉईड स्पष्टपणे कमी आहे, गोळी लागते. टीएसएच जरासा वाढलेला, म्हणजे पाच-सात, आणि फ्री टी-४ ठीक, तर घाई नसते. आजारपणानेही टीएसएच हलतो. डॉक्टर बहुधा काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात, आणि पुष्कळांचा आपोआप खाली येतो. टीपीओ अँटिबॉडी बघितल्या तर हाशिमोटो आहे का ते कळतं. उतारवयात टीएसएच थोडा वर असणं बऱ्याचदा नैसर्गिकच असतं, आणि तिथे उगाच गोळी दिली तर हृदयाला आणि हाडांना त्रास होऊ शकतो. म्हणून "पाच आला आणि डॉक्टर काही देत नाहीत" असं वाटलं, तर रागावू नका. "पुन्हा कधी तपासायचा?" हे विचारा आणि ती तारीख कॅलेंडरवर टाका.

(धून)

आता गोळी. नाव लिव्होथायरॉक्सिन. भारतात थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन अशा नावांनी मिळते, इथे सिंथ्रॉइड, लेव्हॉक्सिल किंवा जेनेरिक. औषध एकच. मात्र डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि तिथे थोडाही फरक चालत नाही. ब्रँड बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघायला सांगा.

ही गोळी फार लाजाळू आहे, पोटात दुसरं कुणी असलं की नीट आत जात नाही. सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा ते एक तास चहा-कॉफी, नाश्ता काही नाही. आपल्या मराठी सकाळीला हेच सगळ्यात जड जातं! त्यावर एक उपाय: गोळी आणि पाण्याची बाटली उशाशी ठेवा. डोळे उघडले की गोळी, मग दात घासणं, अंघोळ, मुलांचे डबे, तोवर चहाची वेळ होते. कॅल्शियम आणि लोह यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा. मल्टिव्हिटॅमिनमध्येही ते असतं. सकाळ जमतच नसेल, तर रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी घेतात काही जण, पण ते डॉक्टरांशी ठरवून.

गोळी सुरू केल्यावर आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून बंद करू नका. हे हार्मोन शरीरात हळूहळू साचतं. म्हणूनच डोस बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी तपासतात, आधी नाही. आणि बरं वाटायला लागलं म्हणूनही बंद करू नका. गोळी आहे म्हणून बरं वाटतंय. ऑनलाइन "थायरॉईड सपोर्ट" म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांपासून सावध राहा. त्यांतल्या काहींच्या तपासणीत लेबलवर न लिहिलेलं थायरॉईडचं हार्मोनच सापडलेलं आहे.

आता आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. घरात कुणी थायरॉईडची गोळी घेत असेल आणि बाळाचा विचार असेल, तर हे नीट ऐका.

पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी पहिल्या दहा-बारा आठवड्यांत कामाला लागलेली नसते. तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारं हार्मोन आईकडूनच येतं. म्हणून गरोदर राहिल्या राहिल्या आईची गरज वाढते, बऱ्याच जणींना गोळीचा डोस पाव ते निम्म्याने वाढवावा लागतो. आणि इथली पद्धत कशी आहे? घरी टेस्ट पॉझिटिव्ह आली, फोन केला, की पहिली भेट बहुधा आठव्या आठवड्याच्या आसपासची मिळते, कधी त्याहून उशिरा. भारतात पाळी चुकल्यावर चार दिवसांत डॉक्टरीणबाईंकडे जायची सवय असते. इथे आपण शहाण्यासारखे वाट बघत बसतो आणि नेमके कामाचे आठवडे निघून जातात.

तेव्हा वाट बघू नका. टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच दिवशी डॉक्टरांना फोन किंवा निरोप: "मी लिव्होथायरॉक्सिन घेते, मी गरोदर आहे, डोस आणि टीएसएचचं काय करायचं?" हे वाक्य म्हटलं की बहुधा लगेच रक्ततपासणी लिहून देतात. त्याहून चांगलं म्हणजे बाळाचा विचार सुरू केल्यावरच डॉक्टरांशी हे बोलून ठेवा. गरोदरपणात टीएसएचचे पट्टे वेगळे असतात, त्यामुळे जुन्या रिपोर्टशी तुलना करू नका. आणि गोळी बाळाला बाधेल या भीतीने ती बंद तर अजिबात करू नका. बाळाला धोका गोळीचा नाही, गोळी नसण्याचा आहे.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षातही थायरॉईड बिघडू शकतो. आधी जास्त होतो, मग कमी. आई रडते, झोपत नाही, केस गळतात, दूध कमी येतं, आणि सगळे म्हणतात, "लहान बाळ आहे, होणारच." त्यावेळी घरातल्यांनी, नवऱ्याने विशेष, टीएसएचची आठवण करून द्यावी. बाळंतपणानंतरच्या उदासीसाठी मदत मागताना हेही तपासून घ्या.

बाळाची तपासणी मात्र इथे आपोआप होते. जन्मानंतर साधारण एक-दोन दिवसांत टाचेतून रक्ताचे थेंब घेतात, त्यात जन्मजात थायरॉईडची तपासणी असते. त्यावर वेळेत उपचार झाले तर मूल छान वाढतं. टाच टोचताना बाळ रडतं, पण तिला नाही म्हणू नका. भारतात ही तपासणी सगळीकडे होतेच असं नाही, तेव्हा तिकडे बाळंतपण होणार असेल तर रुग्णालयात आधीच विचारून ठेवा.

(धून)

आता आईबाबा येतात तेव्हा. सहा महिन्यांसाठी येणार असतील, तर गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर महिनाभराच्या जास्त आणायला सांगा, मूळ बाटलीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामानाच्या बॅगेत नाही, हातातल्या बॅगेत. पाहुण्यांच्या विम्यात जुन्या आजाराचा खर्च बहुधा धरत नाहीत. निघण्यापूर्वी एक टीएसएच करून घेतला तर सहा महिने निर्धास्त.

थायरॉईड जास्त असल्याने कुणी कार्बिमाझोल घेत असेल, तर लक्षात ठेवा की ते औषध अमेरिकेत मिळत नाही. इथे मेथिमाझोल देतात. ते जवळचंच आहे, पण डोस डॉक्टरच बदलून देतात. आणि या दोन्ही औषधांवर असताना ताप आला, घसा खूप दुखायला लागला, तर सर्दी समजून आल्याचा चहा देत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण क्वचित का होईना, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतात.

दवाखान्यात आईबाबांना इंग्रजी अवघड जात असेल, तर दुभाषा मागा. फेडरल निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी तो मोफत द्यायचा असतो, फोनवरून का होईना. बद्धकोष्ठता, पाळी, उदासी हे सगळं मुलासमोर किंवा जावयासमोर बोलायला आई संकोचते. दुभाषाशी मोकळी बोलते.

आता ते मीठ. इथल्या दुकानांत मिठाची भिंतच असते: कोशर मीठ, समुद्री मीठ, गुलाबी हिमालयन मीठ. यांतल्या बहुतेकांत आयोडीन घातलेलं नसतं. उपासाच्या सैंधवातही नसतं. बाहेरच्या पॅकबंद खाण्यातही बहुधा बिनआयोडीनचं मीठच वापरतात. भारतात खाण्याच्या मिठात आयोडीन सक्तीचं आहे, इथे ते कंपनीच्या मर्जीवर आहे. त्यामुळे घरात नुसतं गुलाबी मीठ वापरत असाल आणि दूध, दही, अंडी, मासे फार खात नसाल, तर आयोडीन कमी पडू शकतं. रोजच्या भाजी-आमटीला "आयोडाइझ्ड" लिहिलेलं साधं मीठ वापरा. बाकीची मिठं सणासुदीला. प्रौढांना दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बायकांना २२०, अंगावर पाजणाऱ्यांना २९०. उलट बाजूने, समुद्री शेवाळाच्या, म्हणजे केल्पच्या गोळ्या घेऊ नका. जास्त आयोडीननेही थायरॉईड बिघडतो.

आणि हो, कोबी, फ्लॉवर खायचा की नाही, हा प्रश्न ठरलेला! शिजवलेली भाजी, नेहमीच्या प्रमाणात, खुशाल खा.

शेवटी गळ्याची गाठ. आरशासमोर उभं राहा, मान जरा मागे करा, पाण्याचा घोट घ्या आणि गिळताना गळ्याच्या खालच्या भागाकडे बघा. गाठ वर-खाली सरकताना दिसली, तर डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफी करतात. घाबरू नका, थायरॉईडच्या शंभरातल्या नव्वदहून जास्त गाठी साध्या असतात. पण गाठ भराभर वाढतेय, टणक आहे, आवाज बसलाय आणि बरा होत नाही, गिळायला त्रास होतोय, तर वेळ घालवू नका.

आणि थायरॉईड असलेल्या माणसाला अचानक खूप ताप, जोराची धडधड, असंबद्ध बोलणं सुरू झालं, किंवा कुणी वयस्क माणूस अंग गार पडून गुंगीत जायला लागला, तर मायचार्टवर निरोप नाही, सरळ ९११.

तर मंडळी, या आठवड्यात दोनच कामं करा. घरात कुणी थायरॉईडची गोळी घेत असेल, तर शेवटचा टीएसएच कधी झाला ते बघा. वर्ष उलटलं असेल तर तपासणी मागा. आणि आईला फोन कराल तेव्हा विचारा, "आपल्या घरात कुणाकुणाला थायरॉईड आहे गं?" मावशीपासून आत्यापर्यंत सगळी यादी मिळेल. ती लिहून ठेवा. तुमच्या डॉक्टरांना तिचा उपयोग होईल आणि उद्या तुमच्या मुलीलाही होईल.

आज आपण जे बोललो ते माहितीसाठी. तुमची गोळी, तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. गरम कपडे घाला, बर्फावर जपून चाला, आणि "हिवाळा आहे, चालायचंच" असं म्हणण्याआधी एकदा टीएसएच बघून घ्या. पुन्हा भेटू. नमस्कार!